घटना आणि वहिवाट : वर्धा परिसराच्या संदर्भात वृत्तपत्रीय वारसालेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

२०११ च्या जून महिन्यात सेवाग्राम आश्रमातील महात्मा गांधींचा चष्मा नाहीसा झाल्याचे वृत्त देशभरातील वृत्तपत्रांनी ठळकपणे प्रसिद्ध केले. वस्तुतः चष्मा त्यापूर्वी काही महिन्यांपासूनच जागेवर नव्हता. त्याआधी दीर्घकाळ तो तेथे होता आणि येणारेजाणारे तो पाहून जात होते. त्या काळात त्याची बातमी झाली नाही. तो नसल्याचे उघडकीस आले तेव्हा झाली. वृत्तपत्र आणि सांस्कृतिक वारसा यांच्यातील नात्याचे स्वरूप या एका प्रसंगावरून पुरेसे स्पष्ट होते. वारशाचे असणे हा सहसा वृत्ताचा विषय होत नाही. त्याचे हरवणे, सापडणे, विकले जाणे, परत येणे, त्यावरून वाद पेटणे हे मात्र होते.

मराठी महसुली व्यवहारात 'वहिवाट' हा एक अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. जमीन वा वाट कागदावर कोणाच्या नावे आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ती कोण, कधीपासून, कशी वापरत आला हेही पाहावे लागते. वारशाला हा शब्द लावून पाहिला असता असे दिसते की, बहुतांश वारसा वहिवाटीने जगतो आणि वृत्तपत्र त्याची दखल घटनेच्या रूपाने घेते. या दोहोंतील अंतरामुळे इतिहासाचे कोणते आकलन वाचकापर्यंत पोहोचते आणि कोणते वाटेतच गळते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे. त्यासाठी वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या मार्गावरील आंजी (मोठी) हे गाव, धाम नदीच्या काठचे पवनार आणि लगतचे सेवाग्राम हा टापू विचारात घेतला आहे. पवनार व सेवाग्राम यांची नावे देशाला ठाऊक आहेत. आंजीचे नाव तसे नाही. अशा नसलेल्या नावाचे गाव सोबत घेतल्याखेरीज तुलना पूर्ण होत नाही.

चष्म्याचे मोल

सेवाग्रामचे वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला एक पूर्वपीठिका होती. ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्क येथे गांधीजींचा एक चष्मा, चपला, खिशातील घड्याळ आणि ताट-वाटी यांचा लिलाव झाला व उद्योजक विजय मल्ल्या यांनी या वस्तू १८ लाख डॉलरना घेतल्या. त्या लिलावाने भारतीय वृत्तपत्रांची पहिली पाने काही दिवस व्यापली होती. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळ दुसऱ्या एका चष्म्याला २ लाख ६० हजार पौंड मिळाले. कोणीतरी साध्या पाकिटात घालून लिलावगृहाच्या पत्रपेटीत टाकलेला हा चष्मा दहा-पंधरा हजार पौंडांना जाईल, असा आधीचा अंदाज होता. पाकिटातील चष्मा आणि अनपेक्षित रक्कम यांची गोष्ट वाचनीय होती, यात शंका नाही.

या दोन लिलावांच्या मध्ये सेवाग्रामची चोरी उभी आहे, आणि तिच्याकडे पाहण्याची दृष्टी लिलावांनी आधीच घडवून ठेवलेली होती. लिलावात वस्तू एकटी असते. ती जितकी एकटी, तितके तिचे मोल ठरविणे सोपे. सेवाग्रामातील चष्मा मात्र एकटा नव्हता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेव्हाच्या सेगावात आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कौलांच्या त्या वसाहतीत आजही साप पकडण्याचा चिमटा आणि पकडलेला साप दूर नेऊन सोडण्यासाठी ठेवायचा पिंजरा दाखवितात. व्हाइसरॉयशी बोलणे व्हावे म्हणून बसविलेला दूरध्वनी दाखवितात. शेतातील मातीच्या घरात साप निघणारच, आणि तो मारायचा नाही असे ठरले असेल तर पिंजरा लागणारच. एका विचाराला किती साध्या सोयी कराव्या लागतात हे त्या पिंजऱ्यावरून जितके कळते तितके चष्म्यावरून कळत नाही. तथापि पिंजऱ्याला लिलावात भाव नाही, त्यामुळे वृत्तपत्रांच्या स्तंभांत त्याला जागाही क्वचितच मिळते.

या प्रसंगात एक कायदेशीर बाजूही होती. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमानुसार ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला 'पुरावशेष' ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय लागते. हस्तलिखितांसाठी ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. सेवाग्राम आश्रमालाच शंभर वर्षे २०३६ मध्ये पूर्ण होतील. म्हणजे ज्या काळाला वर्तमानपत्रे 'इतिहास' म्हणून गौरवितात, त्या काळातील नित्य वापराच्या असंख्य वस्तू कायद्याच्या लेखी अद्याप इतिहास झालेल्या नाहीत. जुन्या आश्रमांत, शाळांत, खादी भांडारांत पडून असलेले चरखे, वह्या, हिशेबाची पुस्तके यांचे काय, हा प्रश्न चष्म्याच्या निमित्ताने विचारता आला असता. चोरी कोणी केली या प्रश्नापुढे तो मागे पडणे स्वाभाविक होते. परंतु चोरीचे वृत्त जुने झाल्यानंतरही तो पुढे आला नाही, हे खटकते.

'परत' या शब्दाचा अर्थ

अलीकडच्या वारसाविषयक वृत्तांत सर्वाधिक वापरला गेलेला शब्द कोणता, असे विचारल्यास 'परत' हा शब्द सहज आठवावा. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यात आली आणि २०२५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात मांडली गेली. ती तीन वर्षांच्या कराराने उसनवार आलेली आहेत. ही वाघनखे ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाकडे गेली. ती छत्रपती शिवाजी महाराजांनीच वापरलेली होती असे खात्रीने सिद्ध करता येत नाही, अशी भूमिका स्वतः संग्रहालयाने घेतलेली आहे. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हा आक्षेप जाहीरपणे मांडला होता. बहुतेक वृत्तपत्रांनी तो छापला. पण छापला तो 'वाद' म्हणून. एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला शंका अशी मांडणी झाली की पुराव्याचे परीक्षण करण्याची जबाबदारी वृत्तपत्रावर उरत नाही. दोन्ही बाजू दिल्या, काम झाले. 'उसनवार' हा शब्द मजकुरात असतो, मथळ्यात मात्र 'परत' असतो. आणि वाचकाच्या स्मरणात मथळा राहतो.

विदर्भाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण रघूजी भोसले यांच्या तलवारीचे आहे. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक, 'सेनासाहेब सुभा' ही पदवी धारण करणारे पहिले रघूजी १७५५ मध्ये निधन पावले. त्यांच्या नावाचा देवनागरी लेख पात्यावर सोन्यात कोरलेली ही तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांत घेतली व १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली. येथे शासनाची तत्परता निश्चितच अभिनंदनीय आहे, आणि ते वृत्तपत्रांनी नोंदविले ते योग्यच झाले. प्रश्न उरतो तो तलवारीविषयी काय सांगितले गेले याचा. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे. म्हणूनच असल्या तलवारीला 'फिरंग' म्हणतात. परदेशी पाते, देशी मूठ आणि मराठी अक्षरे अशी ही घडण आहे. अठराव्या शतकातील नागपूरचा सरदार कोणत्या बाजारपेठेशी जोडलेला होता, पोलाद कोठून येई, त्यावर सोन्याचे काम करणारे कारागीर कोण, असे कितीतरी प्रश्न या एका वस्तूतून निघतात. वृत्तांमध्ये मात्र रक्कम, आगमन आणि समारंभ यांनी बहुतेक जागा घेतली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी हा तर्क अनेक ठिकाणी आला. त्यातील 'असावी' हे क्रियापद किती वाचकांपर्यंत पोहोचले, हे सांगणे कठीण आहे.

आंजी-पवनारचा हा सारा मुलूख १८५३ पर्यंत याच भोसल्यांच्या राज्यात होता. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये निर्माण झाला आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर १८६६ मध्ये वसविले गेले. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत या भागातील अनेक मोठ्या गावांनी मातीच्या गढ्या बांधल्या. त्या राज्याचा खेड्यापाड्यातील अनुभव तलवारीपेक्षा या गढ्यांत अधिक शिल्लक आहे. संरक्षण मागायला नागपूर दूर होते, म्हणून गावाने स्वतःच भिंत उभारली, हा तो अनुभव. गढीची माती पांढरी, चिकट आणि बांधकामाला उत्तम. ती घरे लिपायला आणि भिंती घालायला शतकभर उचलली जात आहे. गढी एका दिवसात पडत नाही, टोपलीटोपलीने जाते. त्यामुळे तिची बातमी होत नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत. त्यांत विदर्भातील एकही नाही. विदर्भातील वाचकाने ती बातमी आनंदाने वाचली असणार, परंतु स्वतःच्या गावच्या गढीचा त्या 'लष्करी स्थापत्या'शी काही संबंध आहे, हे त्याला त्या बातमीतून कळण्याची शक्यता कमीच.

मराठी वृत्तपत्रांना हे काम नवे नाही, याचीही येथे आठवण ठेवावी लागते. रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेबद्दल जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये लिहिले. १८९५ मध्ये 'केसरी'ने तो विषय उचलला, निधी सुरू केला आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. समाधीचे प्रत्यक्ष काम व्हायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडले. त्यामागे राजकीय हेतू होता, तो लपविलेलाही नव्हता. पण पडझड हाच तेथे बातमीचा विषय होता, आणि एकदा छापून तो विषय संपला नाही. समाधी प्रथम कोणी शोधली यावर आजही अधूनमधून वृत्तपत्रांत चकमक झडते. तिची डागडुजी कोणी, किती काळाने, कशी केली याचे कुतूहल त्या मानाने फार थोडे दिसते.

पवनारची शिळा

वस्तू सापडल्यावर तिचे काय होते, याचे उत्तम उदाहरण पवनारला आहे. विनोबा भावे १९३८ मध्ये पवनारला राहावयास आले. आश्रमाच्या जागेत खणताना जुन्या मूर्ती आणि शिल्पपट मिळाले. त्यांतील एका शिल्पात विनोबांना राम आणि भरत यांची भेट दिसली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांच्या भक्तीची तुलना केली होती; त्यामुळे ही शिळा हाती येणे त्यांना विलक्षण वाटले. तिची स्थापना झाली आणि पूजा सुरू झाली, ती आजही आहे. म्हणजे सापडलेली वस्तू संग्रहालयात न जाता वहिवाटीत गेली.

दुसरीकडे, १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले व त्याचा अहवाल पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे मत मांडले होते आणि येथील शिल्पांत रामकथेतील प्रसंग ओळखले होते. पुढे या शिल्पांच्या ओळखीविषयी भिन्न मते पुढे आली. रामटेकजवळील मनसर येथे गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मोठ्या उत्खननानंतर प्रवरपूर तेथेच होते, असाही सबळ पक्ष उभा राहिला. हा वाद विद्वानांचा आहे आणि तो सोडविणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, पवनारच्या शिळेला तीन वाचने लाभली : भक्ताचे, पुराविदाचे आणि त्या पुराविदाला उत्तर देणाऱ्या दुसऱ्या पुराविदाचे. वृत्तपत्राला चौथे वाचन करता आले असते; ही तिन्ही वाचने एकाच दगडावर कशी नांदतात, हे सांगता आले असते. यात्रा, जयंती वा पुण्यतिथीच्या निमित्ताने पवनारवर जे मजकूर येतात, त्यांत मात्र बहुधा 'वाकाटकांची प्राचीन राजधानी' हे एक निश्चित विधान असते. शिवाय अकबराच्या काळी 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून पवनारची नोंद आहे, हा मधला हजारएक वर्षांनंतरचा टप्पा त्यात क्वचितच येतो. प्राचीन आणि गांधीयुगीन या दोन खांबांच्या मधला पूल वृत्तपत्रीय इतिहासातून जणू वाहून गेला आहे.

वर्धा जिल्हा ताम्रपटांच्या बाबतीतही उपेक्षणीय नाही. हिंगणघाट तालुक्यातील जांब आणि पूर्वीच्या आर्वी तालुक्यातील बेलोरा येथे दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट मिळाले. देवळी येथे राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० चा ताम्रपट मिळाला, आणि त्याचे संपादन रा. गो. भांडारकरांनी केले. देवळीच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन असा प्रदेशाचा उल्लेख येतो, हे त्याचे एक विशेष महत्त्व. ताम्रपट सापडला की बातमी होते, कारण तो जुना असतो आणि धातूचा असतो. प्रत्यक्षात ताम्रपट हा वहिवाटीचाच कागद आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत राजाची वंशावळ संपली की गावाच्या चतुःसीमा येतात आणि त्यानंतर सवलतींची यादी : गावात सैनिकांनी शिरू नये, दूध-फुले घेऊ नयेत, चामडे व कोळसा मागू नये. पंधराशे वर्षांपूर्वी राजाची माणसे गावात येऊन काय काय उचलीत असत, हे या नकारार्थी यादीतून जितके रोकडे कळते तितके वंशावळीतून कळत नाही. आजच्या शेतकरी वाचकाला हा मजकूर दुर्बोध वाटण्याचे काहीच कारण नाही.

पांढरी, काळी आणि कंस

आता आंजीकडे वळावे. गावाच्या नावातील '(मोठी)' हा कंस स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. बुद्रुक-खुर्द, मोठी-लहान असे भेद महसुली नोंदींनी समान नावांच्या गावांत केले आणि ते नावाचा भाग होऊन बसले. मिराशींसारख्या संशोधकांनी ताम्रपटांतील गावे आजच्या नकाशावर ओळखली ती नावांच्याच आधारे; अमरावती जिल्ह्यातील चम्मक हे ताम्रपटातील चर्मांक होय, हे त्याचे सुपरिचित उदाहरण. गावाचे नाव ही त्या गावातील बहुधा सर्वांत जुनी आणि रोज वापरात असलेली वस्तू असते.

आंजीचे नाव अभ्यासकांच्या एका वर्गाला चांगले परिचित आहे, पण तो वर्ग इतिहासकारांचा नाही. येथील प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्राचे कार्यक्षेत्र राहिला आहे, आणि गर्भवतींची काळजी, बालकांचे पोषण, किशोरींचे आरोग्य अशा विषयांवरील अनेक शोधनिबंधांत 'आंजी' हे नाव भेटते. एखादे खेडे वैद्यकीय नियतकालिकांतून बाहेरच्या अभ्यासकांना ठाऊक असावे आणि त्याचा भूतकाळ मात्र शेजारच्या शहरालाही ठाऊक नसावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. जिल्हा पानावर अशी गावे येतात ती नापिकी, पाणीटंचाई, अपघात आणि निवडणूक यांच्या निमित्ताने. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर याच जिल्ह्यातील वायफड येथे येऊन गेले, तेव्हा ते गाव एका दिवसात राष्ट्रीय बातमी झाले. या बातम्या खऱ्या होत्या आणि आवश्यकही होत्या. परंतु त्यांतून खेड्याची जी प्रतिमा तयार होते तिला केवळ दुःस्थिती असते, इतिहास नसतो. आणि इतिहास नसलेल्या गावाची दुःस्थितीही कालपरवाची, अकस्मात उद्भवलेली वाटू लागते. कापसाच्या अर्थव्यवस्थेला या जिल्ह्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे त्या वृत्तांच्या ओघात हरवते.

विदर्भातील गावाची मूळ वाटणी पांढरी आणि काळी अशी आहे. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेतीची. पांढरीला पांढरी का म्हणतात, याचे उत्तर पुरातत्त्वात आहे : पिढ्यान्पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या घरांची माती साचून वस्तीची जमीन भुरकट पांढरी होते आणि उंचावते. कौंडिण्यपूर, पवनार, टाकळघाट-खापा येथील उत्खननांनी वस्तीच्या अशाच थरांचा छेद घेतला. याचा अर्थ, गावकऱ्यांच्या नित्याच्या बोलीत पुरातत्त्वीय टेकाडासाठी शब्द आधीपासून होता आणि त्या शब्दाला आदरही होता. पांढरीची शपथ घेतली जाई. वृत्तपत्राला मात्र हा शब्द वापरावासा वाटत नाही. खोदकामात जुनी भांडी निघाली की 'पुरातन अवशेष' आढळतात, दगडी मंदिर दिसले की ते 'हेमाडपंती' ठरते. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर जमा झालेल्या मंदिरांपैकी कित्येक त्याच्या जन्माआधीची आहेत. याहून जुने सांगायचे झाले तर 'पांडवकालीन' हे विशेषण हाताशी असते. केळझरला बकासुराची एकचक्रानगरी मानण्याची लोकपरंपरा आहे. ती परंपरा म्हणून नोंदविणे हे उत्तम वार्तांकन होईल, वस्तुस्थिती म्हणून छापणे ही दिशाभूल. विशेषणांचा हा आळस निरुपद्रवी नाही. सर्वच प्राचीन झाले की कशाचेच वय विचारण्याची गरज उरत नाही.

यात सर्व दोष वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा मानधनावर, दिवसाच्या मुदतीत आणि ठराविक शब्दांत मजकूर पाठवावा लागतो. गावची माहिती त्याला असते, ती मांडायला स्तंभ नसतो. शिवाय घटनेची बातमी कधीकधी वहिवाटीला वाचवितेही. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी गांधीकालीन म्हणून ओळखली जाणारी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला, वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि तोड थांबली. त्या झाडांखालून दशकानुदशके माणसे सावलीत चालत गेली होती. कुऱ्हाड पडल्यावर ती 'वारसा' झाली. उशीर झाला तरी झाली, हेही खरे. त्याच वर्षी ब्रिस्टलचा चष्मा विकला गेला. जो रस्ता चष्म्याच्या मालकाच्या आश्रमाकडे जातो, त्यावरील झाडांची बातमी स्थानिक पानांवर अधिक राहिली आणि चष्म्याची जगभर गेली.

झडतीतील वृत्त

आतापर्यंत वृत्तात वारसा कसा येतो ते पाहिले. उलट दिशेचा प्रवासही या भागात होतो आणि तो फारसा लक्षात घेतला जात नाही. पोळ्याच्या दिवशी आखरावर, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे यमक जुळविलेल्या, तालावर फेकलेल्या चार-सहा ओळी. शेवटी सारे एकमुखाने महादेवाचा जयघोष करतात. तिची चौकट जुनी आहे, तीत महादेव-पार्वती येतात, बैलाचे शिंग-खूर येतात. पण त्या चौकटीत दरवर्षी नवे भरले जाते : कापसाचा पडलेला भाव, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज, न आलेला पाऊस, निवडून आलेला आणि पुन्हा न फिरकलेला पुढारी. ज्यांचे नाव घेऊन उघड बोलता येत नाही, त्यांच्यावर या दिवशी गावासमोर बोलता येते. ती सवलतही वहिवाटीची आहे. म्हणजे येथे वारसा हाच वृत्ताचे वाहन होतो. टीका, टोमणा, भावाचा आकडा, शासनाच्या घोषणेची खिल्ली हे सारे त्यात असते आणि श्रोते ते पुढच्या गावी नेतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनांतून ग्रामसफाईपासून स्वातंत्र्यापर्यंतचे वर्तमान गावोगावी नेले, ते याच जातीच्या परंपरेला अनुसरून. अभ्यासकांनी लोकसाहित्य म्हणून झडत्यांचे संकलन केले आहे. संकलनात मात्र जुन्या, पौराणिक झडत्यांना झुकते माप मिळते, कारण त्या 'अस्सल' वाटतात. चालू वर्षाची, कापसाच्या भावावरची झडती संकलकाला किरकोळ वाटते आणि वार्ताहराला ती बातमी वाटत नाही. दोघांच्या मध्ये ती विरून जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर झूल घातलेल्या, शिंगे रंगविलेल्या बैलजोडीचे रंगीत छायाचित्र आणि त्याखाली 'पोळा उत्साहात साजरा' अशी ओळ असते; त्या जोडीपुढे उभे राहून आदल्या संध्याकाळी कोण काय म्हणाले, ते त्यात नसते.